सभासदाची साखर

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि ‘साखर बंद’ एवढंच म्हणाले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा तो आकडा ५.७ च्या वर गेला होता आणि ६.५ च्या अलीकडं थांबला होता. म्हणजे मधुमेह घरात शिरला नव्हता, ओसरीवर येऊन बसला होता. डॉक्टरांचं बरोबरच होतं. फक्त त्यांना ऐन लगीनसराईत लातूर जिल्ह्यात पत्रिका वाटत फिरायचं नव्हतं.

जेवणाचं म्हणाल तर आमच्या ताटात सुधारायला फारशी जागा नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, कारळाची चटणी. शहरातली माणसं हल्ली ‘मिलेट’ म्हणून जे पाव किलोच्या पुडीत घेतात, ते आमच्याकडं पोत्यानं असतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारीच काढली. आता भाकरीकडून आणखी काय अपेक्षा करणार? आमची सगळी भानगड ताटात नाही, कपात आहे.

पुतणीचं लग्न ठरलं आणि औसा तालुक्यातल्या पत्रिका माझ्या वाट्याला आल्या. पत्रिकेला हळद-कुंकू लावायचं, ‘सगळ्यांनी यायचं बरं का’ म्हणत हातात द्यायची, झालं. द्यायला दोन मिनिटं, उठायला अर्धा तास. मधल्या वेळात चहा. चहा न घेता उठलात तर पत्रिका पोचली असं कुणी धरत नाही. पुढं मांडवात कुणी रुसलं तर कारण तिथंच सापडतं.

पहिल्याच गावात मावशीला म्हणालो, “मावशी, मला बिनसाखरेचा.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. “का रं? शुगर झाली का काय तुला?”

“नाही, होऊ नये म्हणून.”

हे वाक्य तिला काही पटलं नाही. झाल्याशिवाय कुणी सोडतं का? आतल्या खोलीतून काकांनी विचारलं, “कुणाला झाली?” झालं. पुढच्या गावात माझ्याआधी माझी शुगर पोचली. “ऐकलं म्हणं. पाय तर बधिर होत नाहीत ना?” कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी रात्री भिजवलेल्या मेथ्या, कुणी जांभळाच्या बियांची पूड. प्रत्येकाच्या भावकीत कुणाचा ना कुणाचा तरी अंगठा कापलेला होता. तो किस्सा तपशीलवार सांगता सांगता कपात चमचा फिरत होता तो फिरतच होता.

बिनसाखरेचा चहा करायचा म्हणजे काय संकट असतं हे स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडं साखर वरून टाकत नाहीत. पातेल्यात पाणी पडलं की लगेच मुठीनं साखर, मग पत्ती, मग दूध. एका माणसासाठी वेगळी पातेली काढायची, ती गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर ठेवायची, एवढासा चहा आटून तळाला लागतो म्हणून नजर ठेवायची. एका घरात वहिनींनी हे सगळं निगुतीनं केलं. मग कपात ओतला तर कप अर्धाच भरला. पाव्हण्याला अर्धा कप? त्यांनी सरळ मोठं पातेलं उचललं आणि वरचा भाग गोड चहानं भरून काढला. “घ्या भाऊजी, तुमचा बिनसाखरेचा.”

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे पाच-सहा चमचे. आमच्याकडं एका कपाला दोन चमचे पडतात आणि तो चमचा शिगोशीग भरलेला असतो. माझा दिवसाचा कोटा दुपारच्या जेवणाआधीच भरायचा.

एका घरी तर साखर कमी टाका म्हटल्यावर घरधनी खरोखर दुखावले. “आवो, विकतची नाही. सभासदाची हाय.” कारखान्याच्या सभासदाला स्वस्तात साखर मिळते, हे मला माहीत होतं, पण ती कोपऱ्यातली गोणी म्हणजे किती मोठी प्रतिष्ठा आहे हे त्या दिवशी कळलं. शेअर्स, ऊस, त्याची तोड, वर्षभराची धडपड, सगळं त्या एका गोणीत शिवलेलं. ती नको म्हणणं म्हणजे त्यांचा ऊस नको म्हणणं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात एवढा ऊस कसा, हा प्रश्न ओठावर आला होता. पण असला विषय चहा पिताना काढायचा नसतो. काढला की चर्चा लांबते आणि दुसरा कप येतो.

“मग गुळाचा घ्या,” ही पुढची तडजोड. हल्ली रस्त्यानं दर थोड्या अंतरावर गुळाच्या चहाच्या पाट्या आहेत आणि त्या पाट्यांखाली शुगरवाले निर्धास्त बसलेले असतात. गुळात थोडं लोह असेल, थोडी खनिजं असतील, पण बाकी बहुतेक साखरच. रक्ताला गूळ आणि साखर यांत भावकीचं नातं दिसतं. हे मी एका ठिकाणी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ‘मल्टीग्रेन’ बिस्किटांची बशी पुढं केली. पुड्यावर जो घटक जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे, म्हणून मी पुडा उलटा करून वाचला. आधी मैदा, मग साखर, मग पामतेल. नाचणीबाई शेवटच्या ओळीत अंग चोरून उभ्या होत्या. यजमानीण म्हणाली, “तारीख बघालाव का? कालच आणलाय.”

मग मी उपासाचं सोंग काढलं. हा माझा अंदाज साफ फसला, कारण उपासाला चहा चालतो, एवढंच नाही तर उपास म्हटल्यावर चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू येतो. वर “पोटात काही नाही” म्हणून दूध जास्त, साखर जास्त.

शेवटी आमच्या साडूंनीच मार्ग सुचवला. नको म्हणू नका, दुसरं काहीतरी मागा. पाव्हण्यानं हक्कानं मागितलं की घरच्यांना बरं वाटतं. उन्हं होतीच. पुढच्या घरी ओसरीवर टेकताच म्हणालो, “वहिनी, आज चहा नको. गारेगार ताक असलं तर द्या.”

काय खुलल्या! “अगं बाई, घरचंच हाय की, सकाळीच घुसळलंय.” कुणी शुगरचं विचारलं नाही, कुणाच्या अंगठ्याचा विषय निघाला नाही. मी निवांत मागं टेकलो. पितळी तांब्या आला, वर लोण्याचा बारका गोळा तरंगत होता. मोठा घोट घेतला.

“लागतंय ना चांगलं?” वहिनी म्हणाल्या. “नुसतं आंबट ताक पाव्हण्याला कसं द्यावं? चांगली मूठभर साखर टाकलीय.”