गारगोटीपोटी हिरा

नदीत पाय बुडवून बसलो होतो तेव्हा त्या गारगोट्या रत्नांसारख्या दिसत होत्या. घरी पिशवी उलटी केली तर निघाले धोंडे. ती गेलेली चमक परत आणायची म्हणून मी दगड घोटायचं यंत्र आणलं, आणि घरात महिनाभराची घरघर सुरू झाली.

रबरी पिंप, त्यात दोनतृतीयांश दगड, पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे दगड झिजवणाऱ्या एका कठीण पदार्थाची, भुकटी. आधी 60/90 नंबरची जाडी, मग 220, मग 500; आकडा मोठा तितकी भुकटी बारीक. प्रत्येकीला साधारण आठवडा. यंत्र रात्रंदिवस फिरतं, बंद पडलं की उलट झोपमोड होते. दर टप्प्याला राखाडी चिखल निघतो. तो मोरीत ओतायचा नाही, सिमेंटसारखा बसतो. हे मला मोरीने शिकवलं.

शेवटच्या घोटाईला कोणीतरी सुचवलं, हिऱ्याची पूड वापरा. कार्बोरंडम फिरता फिरता झिजतं, हिरा सहसा दाद देत नाही. कठीणपणाच्या मोह्स मापात गारगोटी 7, हिरा 10. पटलं. मागवली.

घोळ बिलाने केला. त्यावर वजन कॅरेटमध्ये होतं.

"अहो, पंचवीस कॅरेट?" बायकोचा आवाज एकदम मऊ झाला. इतका मऊ आवाज मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला शेवटचा ऐकला होता. पंचवीस कॅरेट म्हणजे अवघे पाच ग्रॅम, हे मी सांगत होतो, पण ती पुडी उघडून बसली होती. आत शिसपेन्सिलीला टोक काढल्यावर उरते तशी करडी भुकटी. तिने चिमटीत घेतली, उजेडात धरली, चोळली.

"हा हिरा?"

"एकेक कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक आहे."

"बारीक आहे ते दिसतंय." हात धुवून ती निघून गेली. धुतलेल्या पाण्यात अंदाजे पाव कॅरेट गेला असावा. मी बोललो नाही.

आता खरी परीक्षा. आधीच्या टप्प्याचा एक जाड कण कुठल्याशा खळगीत दडून राहिला, तर तो सगळ्या दगडांवर ओरखडे काढतो. म्हणून एकेक गारगोटी दात घासायच्या ब्रशने घासली, खाचा भिंगातून पाहिल्या. पोरांचे दात कधी इतक्या आस्थेने पाहिले नव्हते. पिंपही नवं घेतलं, कारण हिरा रबरात रुतून बसतो आणि मग ते पिंप दुसऱ्या कामाचं उरत नाही.

आठवड्याने झाकण उघडलं. दगड धुतले, पुसले, कोरडे केले. तरी चमकत होते! ओरखडे मोडले की उजेड विखुरत नाही, वगैरे मी पुढ्यात ताटली धरून समजावत होतो.

बायकोने पिशवीतली उरलेली एक बिनघोटलेली गारगोटी उचलली, पेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि माझ्या ताटलीत ठेवली. पाणी ओरखड्यांत भरलं होतं. दोन्ही सारख्याच चमकत होत्या.

"माझी वाळेल," ती म्हणाली, "पण मग मी परत बुडवेन."