सहा विजय, दोन मतदारसंघ: सावळजकरांना उत्तर

सावळजकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. खाली चार ओळींत उत्तर बसेना, म्हणून वेगळं लिहितोय. आर. आर. आबांच्या (म्हणजे राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या) निवडणुकांवरच्या माझ्या लेखात ‘एकाच मतदारसंघातून सलग सहा विजय’ असं वाक्य होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही आरती आहे, लेख नाही. मतदारसंघ एकच नव्हता. विरोधक कायम फुटलेले, म्हणून आबा येत गेले. सहा वेळा निवडून देऊन तासगावच्या पूर्व भागाला पाणी मिळालं नाही. आणि शेवटी बायको, मग मुलगा. इतरांच्या घराणेशाहीवर तुटून पडणारे तुम्ही इथं गप्प का?

पहिला मुद्दा सरळ मान्य. चूक माझीच. १९९०, ९५, ९९ आणि २००४ हे चार विजय जुन्या तासगावातले. २००९ आणि २०१४ चे तासगाव-कवठेमहांकाळमधले. मूळ लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय. पण ही दुरुस्ती करताना लक्षात आलं की माझ्या चुकीने आबांचं मोठेपण वाढलं नव्हतं, कमीच झालं होतं. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत कवठेमहांकाळचा स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि तो तालुका तासगावला जोडला. तिथं अजितराव घोरपडे यांचं राजकारण वर्षानुवर्षं मुरलेलं, ते तिथले आमदार राहिलेले. आबांच्या वाट्याला एकाएकी अशी गावं आली, जिथल्या लग्नांना त्यांनी अक्षता टाकलेल्या नव्हत्या. पन्नाशी ओलांडलेल्या पुढाऱ्याला अर्धा मतदारसंघ नव्याने ओळखीचा करून घ्यायचा म्हणजे काय, ते तुम्ही जाणता.

आता ‘विरोधक फुटलेले’ या मुद्द्याकडे येतो. इथं मात्र मी भांडणार.

सांगली जिल्ह्यात आमदारकी टिकते कशावर? तुम्ही-आम्ही लहानपणापासून बघतोय. वाळव्याकडे राजारामबापू कारखाना, कडेगावकडे सोनहिरा आणि जोडीला भारती विद्यापीठ, सांगलीत वसंतदादांचा कारखाना. कारखाना म्हणजे नुसती चिमणी नव्हे. गावागावात सभासद, उसाची नोंद, चिटबॉय (फडावर फिरणारा कारखान्याचा माणूस), तोडीची चिठ्ठी, अंतिम बिलाची घोषणा, पोराची हंगामी नोकरी. उसाला तोड कधी येणार हे ज्याच्या हातात, त्याच्या विरोधात उघडपणे मत मागायला छाती लागते. वाळलेला ऊस फडात उभा राहिला की माणूस आपोआप शहाणा होतो. (आमच्या चुलत्यांचा ऊस एका वर्षी मार्चअखेरपर्यंत उभा होता. कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. पुढच्या निवडणुकीत चुलते कुणाच्या गाडीत बसले ते सांगत नाही.)

आबांकडे यातलं काय होतं? स्वतःचा कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही. अंजनीसारख्या गावातला मुलगा सांगलीत शांतिनिकेतनला ‘कमवा आणि शिका’ करत शिकला. १९७९ ला जिल्हा परिषदेवर गेला तो तुमच्याच सावळज गटातून. तिथं अकरा वर्षं काढली आणि मग १९९० ला विधानसभा.

त्यात तासगावचा पूर्व भाग द्राक्षाचा. द्राक्षवाल्याचं मत कुणाच्या दावणीला नसतं, असं माझं निरीक्षण आहे. त्याला तोडीची चिठ्ठी लागत नाही. औषधं त्याची, कर्ज त्याचं, माल बघायला व्यापारी बांधावर येतो, नाही पटलं तर बेदाणा करतो. त्याची भीती वेगळी असते: माल उचललेला व्यापारी पैसे न देता परागंदा झाला तर? तिथं चेअरमन उपयोगी पडत नाही, पडलंच तर पोलीस ठाणं. असला मतदार आमदाराला घाबरत नाही आणि त्याचं देणंही लागत नाही. शिवाय २००४, ०९ आणि १४ ची मतदानं ऐन ऑक्टोबरात झाली. म्हणजे छाटणीचे दिवस, वरून पावसाचा भरवसा नाही, माणूस बागेतून हलायला तयार नसतो. त्याला केंद्रापर्यंत आणणं हेच निम्मं काम. संस्थेची यंत्रणा नसलेल्याने ते कसं केलं, यावर खरं तर मूळ लेखात अधिक लिहायला हवं होतं. ते लिहिलं नाही आणि साधेपणाच्या गोष्टी सांगत बसलो. आरतीचा तुमचा आरोप तेवढ्यापुरता बरोबर आहे.

आणि विरोधक म्हणाल, तर दिनकरआबा पाटलांसारखे ते काही लुटूपुटूचे नव्हते. तासगावात ‘आबा आले’ म्हटलं की ‘कुठले, दिनकरआबा की आर. आर.?’ असा प्रश्न यायचा काळ होता. १९९५ ला काँग्रेस राज्यात ८० वर आली आणि तब्बल ४५ अपक्ष निवडून आले, त्या पडझडीत आबा टिकले. १९९९ ला पक्षच फुटला, ते पवारांबरोबर गेले, ग्रामविकासमंत्री झाले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने नाव राज्यभर झालं. लोकांना वाटतं, मंत्री झाला की घरचा मतदारसंघ सोपा होतो. इथं उलट होतं. घरी संजयकाका पाटलांसारखा तरणा, माणसं जोडणारा विरोधक उभा होता आणि मंत्री गावोगाव हातात झाडू घेऊन फिरत होते.

२००९ वर मी तुमच्याशी वाद घालत नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, ‘मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होत राहतात’ अशा अर्थाच्या त्या एका वाक्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखातं गेलं. वर्षाच्या आत निवडणूक लागली, ते निवडून आले आणि पुन्हा गृहमंत्री झाले. तुम्ही म्हणता मतदारांनी विचार केला नाही. मला वाटतं, केला, पण तासगावच्या वजनकाट्यावर. आणि त्याआधीच संजयकाका राष्ट्रवादीत आले होते, ते विधान परिषदेवरही गेले. समोरची सगळ्यात जड माणसं आत घेतल्यावर निकाल काय लागणार? या निवडणुकीला मी पराक्रम म्हणत नाही.

खरी परीक्षा २०१४. ही निवडणूक तुम्ही एका ओळीत उडवलीत, ते मला पटलं नाही. तो क्रम एकदा डोळ्यासमोर आणा. लोकसभेला संजयकाका भाजपकडून उभे राहिले आणि मे महिन्यात सांगलीत दोन लाख एकोणचाळीस हजारांवर मतांनी खासदार झाले. सांगलीत, वसंतदादांच्या घरासमोर! सप्टेंबरअखेरीस आघाडी तुटली, युतीही तुटली. ऑक्टोबरात आबांसमोर अजितराव घोरपडे, तेही भाजपकडून. म्हणजे कवठेमहांकाळचा जुना आमदार आणि तासगावचा नवा खासदार एका बाजूला. पंधरा वर्षांच्या सत्तेविरुद्धचा राग होताच. विरोधक फुटलेले होते म्हणता, ते इथं कुठं दिसतात? जिल्ह्यातल्या आठ जागांपैकी चार भाजपने घेतल्या: सांगली, मिरज, जत, शिराळा. तासगाव-कवठेमहांकाळ पाचवी ठरली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. आबा साधारण बावीस हजारांनी आले.

त्याच प्रचारात एका विरोधी उमेदवारावरच्या बलात्काराच्या आरोपावरून ते जे बोलले, ते अश्लाघ्य होतं. नंतर त्यांनी माफी मागितली. गृहमंत्री राहिलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभलं नाही. मूळ लेखात मी ते गाळलं होतं. विसरलो नव्हतो, टाळलं होतं. आता त्यात घातलंय.

पाण्याच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, थोडं स्पष्टीकरण फार तर आहे. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या सगळ्या उपसा योजना. पाणी चढवायचं म्हणजे वीज, विजेचं बिल थकलं की पंप बंद. आमदार कितीही वजनदार असला तरी पाणी खालून वर आपोआप येत नाही. पण हे तुम्हाला ऐकवणं म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा इतिहास सांगणं झालं. २०२३ मध्ये टेंभूच्या पाण्यापासून वंचित राहिलेल्या गावांसाठी आबांच्या पत्नी सुमनताई आणि मुलगा रोहित यांना सांगलीत उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे १९९० पासून ज्या घरात आमदारकी, त्याच घरावर ही वेळ. तुमच्या बाजूने याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही. आबांच्या नावावर ग्रामस्वच्छता आणि तंटामुक्ती लिहिली जाते. पूर्व भागाचं पाणी लिहिलं जात नाही, ते बरोबरच आहे.

राहिली घराणेशाही. आबा गेल्यानंतरची एप्रिल २०१५ ची पोटनिवडणूक मी विजय म्हणून मोजतच नाही. मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नाही, सुमनताई लाखावर मतांनी आल्या, ती श्रद्धांजली होती. २०१९ ला घोरपडे शिवसेनेकडून उभे होते, तरी फरक साठ हजारांवर गेला. त्यात सहानुभूती किती आणि सुमनताईंचं घरोघरी जाणं किती, हे मला वेगळं करून दाखवता येत नाही. २०२४ चा मात्र हिशेब मांडता येतो. वडील गेले तेव्हा शाळकरी असलेला रोहित पंचविशीत उभा राहिला. समोर दोन वेळा खासदार झालेले संजयकाका, अजितदादांच्या राष्ट्रवादीकडून, त्यांच्या पाठीशी घोरपडे. वर प्रचाराच्या सुरुवातीलाच तासगावात येऊन अजितदादांनी सांगितलं की सिंचनाच्या माझ्यावरच्या चौकशीच्या फाइलवर आबांनी सही केली आणि माझा केसाने गळा कापला. जवळपास दहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला त्याच्याच तालुक्यात असं बोलणं तासगावकरांना कसं लागलं असेल, ते तुम्ही गावाकडे फोन करून विचारा. राज्यात शरद पवारांच्या पक्षाचे अवघे दहा आमदार आले. त्यातले दोन आपल्या जिल्ह्यातले, जयंतराव पाटील आणि हा पोरगा, सत्तावीस हजारांवर मतांनी.

तरीही तुमचा प्रश्न उरतोच, आणि तो मला टोचलाय. १९७९ ला वसंतदादांच्या काळात कारखाना नसलेल्या घरातल्या पोराला जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं. आज अंजनीत किंवा सावळजमध्ये तसा एखादा पोरगा असेल, बोलणारा, वाचणारा, खिसा रिकामा. त्याला तिकीट कोण देणार? तासगावात एक तर आबांचं घर, नाही तर काकांचं. इतरांच्या बाबतीत मी ज्याला घराणेशाही म्हणतो, त्याला इथंही तेच म्हणायला हवं होतं. म्हणतो.

एक विनंती. तुमचे वडील १९९० मध्ये आबांच्या विरोधात फिरले होते, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या वर्षी मतदान फेब्रुवारीत होतं, म्हणजे ऐन द्राक्ष उतरायच्या दिवसांत. विरोधातल्या माणसांनी तेव्हा सावळज गटात काय पाहिलं, ते माझ्याकडे कुठंच नाही. माझ्याकडे आहेत त्या सगळ्या आठवणी जिंकलेल्या बाजूच्या. वडिलांना विचारून लिहा. मी एक शब्द न बदलता इथं छापतो.