ऑप-एड म्हणजे संपादकाचं मत? अजिबात नाही

भाची पत्रकारितेच्या एन्ट्रन्सची तयारी करतेय, तिच्या वहीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो फॉरवर्ड जसाच्या तसा उतरवलेला दिसला म्हणून लिहितोय. त्यात म्हटलंय, ऑप-एड म्हणजे ओपिनियन अधिक एडिटोरियल, ते संपादकाचंच मत असतं, त्यात कायम अग्रलेखाच्या विरुद्ध बाजू मांडतात आणि हा प्रकार न्यूयॉर्क टाइम्सने १९७० मध्ये काढला. अहो, संपादकाचंच मत आणि तेही त्याच्याच अग्रलेखाच्या विरुद्ध? पुढे ढकलण्याआधी कुणी वाचलं तरी का हे?

'ऑप' म्हणजे अपोझिट, समोरचं, आणि 'एड' म्हणजे एडिटोरियल, अग्रलेखाचं पान. छापील पेपरात अग्रलेखाच्या पानासमोर येणारं पान, बस्स. टाइम्सच्याच ओपिनियन विभागाच्या संपादक कॅथलीन किंग्सबरी यांनी एप्रिल २०२१ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय: नाव जागेवरून पडलं, विरोधी मतं छापायची म्हणून नाही.

सगळ्यात घातक आहे ते 'संपादकाचं मत'. अग्रलेख ही पेपरची स्वतःची भूमिका, त्यावर सहसा नाव नसतं. ऑप-एड नावानिशी छापतात आणि त्यातलं मत त्या लेखकाचं. हा फरकच कळला नाही की कुणा पाहुण्या लेखकाचा लेख आवडला नाही म्हणून लोक 'पेपर विकला गेला' म्हणत सुटतात, आणि उद्या पत्रकार होणारी पोरं हेच पाठ करणार असतील तर कठीण आहे. आता लेख निवडतो संपादकच, त्यामुळे जबाबदारी सुटत नाही हे मान्य. जून २०२० मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम कॉटन यांचा, तिथल्या दंगली आवरायला लष्कर पाठवा म्हणणारा लेख टाइम्सने छापला आणि काही दिवसांतच संपादकीय पानाचे प्रमुख जेम्स बेनेट यांना राजीनामा द्यावा लागला. पण म्हणून कॉटनचं मत टाइम्सचं झालं नाही.

१९७० चं म्हणाल तर २१ सप्टेंबरला टाइम्सचं पान सुरू झालं आणि बाहेरच्या लेखकांना हक्काची जागा मिळाली, एवढं खरं. पण त्याच्या जवळपास ५० वर्षं आधी, १९२१ मध्ये, न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरचे संपादक हर्बर्ट बायर्ड स्वोप यांनी अग्रलेखासमोरच्या पानावरची पुस्तक परीक्षणं, मृत्युलेख वगैरे हलवून तिथे मतं छापायला सुरुवात केली होती, फक्त ती मुख्यतः त्यांच्याच स्तंभलेखकांची. आणि २०२१ मध्ये टाइम्सने ऑप-एड हे नावच सोडून 'गेस्ट एसे' केलं, कारण वेबसाइटवर समोरचं पान असतंच कुठे.