डेट्रॉइटच्या 'डेथ' बँडबद्दल फिरणारा मेसेज : खुलासा

'डेथ या तीन कृष्णवर्णीय भावांच्या बँडने 1974 मध्ये अल्बम काढला, म्हणून जगातला पहिला पंक (वेगवान, आक्रमक रॉक संगीताचा) बँड तोच. रामोन्स हा न्यूयॉर्कचा पंक बँड त्याच्या नंतरचा,' असा मेसेज फिरतो आहे. बँड खरा आहे आणि ऐकण्यासारखाही. तपशील मात्र चुकले आहेत.

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी यांनी 1975 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या युनायटेड साउंड सिस्टिम्स स्टुडिओत सात गाणी ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्ड कंपनीशी करार हवा असेल तर बँडचं नाव बदला, अशी अट संगीत उद्योगातले बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस यांनी घातली. डेव्हिडने ती धुडकावली आणि करार बारगळला. 1976 मध्ये भावांनी 'ट्रायअँगल' या स्वतःच्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली) एकच सिंगल, म्हणजे दोन गाण्यांची छोटी तबकडी काढली, प्रती फक्त 500. ती सात गाणी अल्बम म्हणून आली थेट 2009 मध्ये, ड्रॅग सिटी या रेकॉर्ड कंपनीकडून. डेव्हिड तोवर हयात नव्हता. तो 2000 मध्येच गेला.

गोंधळ होतो तो ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन ही दोन सालं एकच धरल्यामुळे. शिवाय रामोन्स ऑगस्ट 1974 मध्येच न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये वाजवत होते, आणि डेट्रॉइट परिसरातल्याच एमसी5 व स्टूजेस या पंकच्या पूर्वसुरी मानल्या जाणाऱ्या बँडचे पहिले अल्बम 1969 चे. 'पहिला' हा शिक्का कुणा एकावर मारणं अवघडच.

शोधताना हॅकनी हे आडनाव जोडा. नुसतं 'डेथ' टाकलं तर फ्लोरिडाचा त्याच नावाचा मेटल बँड समोर येतो. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.