हॉटस्पॉट आहे ना, मग शाळेला वेगळं नेट कशाला?

रामराम भाऊ. शाळा-ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात सवलत देणाऱ्या अमेरिकेतल्या 'ई-रेट' योजनेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की इथे खानदेशात झेडपीच्या शाळांचे पत्रे गळतात, भारतनेटची (गावोगाव इंटरनेट नेणारी सरकारी योजना) फायबर ग्रामपंचायतीत आलेली आहे, गुरुजींच्या मोबाईलवर हॉटस्पॉट आहे. मग आणखी पैसे कोण देणार आणि कशाला?

पत्रे आधी बदलले पाहिजेत, यात दुमत नाही. पण नेटचा पैसा त्या खात्यातून मागायचाच नाही. टेलिकॉम कंपन्या समायोजित महसुलाच्या (ठरावीक वजावटी करून उरलेल्या महसुलाच्या) ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीत, म्हणजे खेड्यापाड्यांत दूरसंचार सेवा पोचवण्यासाठीच्या सरकारी निधीत, भरत आल्या आहेत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. भारतनेटचा खर्चही त्यातूनच होतो. म्हणजे धडगावचा माणूस रिचार्ज मारतो तेव्हा या निधीला हातभार लावतोच. ई-रेटचा पैसाही तिकडच्या अशाच निधीतून येतो.

हॉटस्पॉटचं म्हणाल, तर ते रिचार्ज गुरुजींच्या खिशातलं. त्याच डेटावर यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती भरायची आणि त्याच डेटावर मुलांना व्हिडिओ दाखवायचा. गुरुजींची बदली झाली, की नेटही त्यांच्याबरोबर गावाबाहेर. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर रेंजच नाही, तिथे हॉटस्पॉट कुठून येणार?

आणि फायबर ग्रामपंचायतीत आली म्हणजे वर्गात आली असं नाही. पंचायतीतल्या पेटीपासून शाळेपर्यंत केबल ओढावी लागते. शाळेत राउटर, स्विच, वर्गावर्गात वायफाय पोचवणारे अ‍ॅक्सेस पॉइंट लागतात, आणि लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरही. ऑफिसात एकच राउटर ठेवला तर जाड भिंतींपलीकडच्या चौथीच्या वर्गाला काही मिळत नाही. ई-रेटमधलं मला पटलेलं ते हेच: १९९६ च्या कायद्यातून आलेली ही योजना कनेक्शनच्या बिलावर सवलत देते आणि शाळेच्या आतल्या उपकरणांवर वेगळी देते. बिलावर २० ते ९० टक्के, उपकरणांवर जास्तीत जास्त ८५. गरीब घरची मुलं जितकी जास्त, तितकी सवलत मोठी. खेडं असेल तर काही ठिकाणी आणखी थोडी. उरलेला वाटा शाळा भरते.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेत संगणक कक्षासाठी एकदाच ६.४० लाखांपर्यंत आणि पुढे ५ वर्षं दरसाल २.४० लाखांपर्यंत तरतूद आहे, पण ती सहावी ते बारावीच्या शाळांना. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ब्रॉडबँडची घोषणा झाली, तीही सरकारी माध्यमिक शाळांसाठी. पहिली ते चौथीची दोनशिक्षकी शाळा दोन्हीकडून सुटते. अक्कलकुव्यापासून चोपड्यापर्यंत गावोगाव शाळा तर याच! माझं भांडण त्यांच्यासाठी आहे.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहात असं प्रतिक्रियेत लिहिलंय, म्हणून एक विनंती. पंचायतीतली पेटी चालू आहे का, तिथून शाळा किती मीटरवर आहे आणि शाळेचं लाईट बिल कोण भरतं, एवढं पाहून कळवा. ग्रामसभेत ठेवायच्या ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.