जुन्याच रुळांवर ताशी ३००? आधी वळणाची त्रिज्या विचारा

वेगवान रेल्वेविरुद्ध एक लांबलचक संदेश सध्या फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवे मार्ग कशाला, आहेत त्याच रुळांवर ताकदवान इंजिन जोडा आणि गाडी ताशी ३०० किमीने पळवा. वाचलेल्या पैशांत रस्ते रुंद करा, कोंडी संपेल. सार्वजनिक वाहतूक कायम तोट्यातच असते. स्वयंचलित मोटारी आल्या की रेल्वे लागणारच नाही. आणि असे प्रकल्प ठरल्या खर्चात कधी पुरे होत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हाच मजकूर ‘किती पटतंय बघ’ म्हणून आला, तेव्हा उत्तर देणं भागच होतं.

पहिला मुद्दा सगळ्यात चुकीचा आणि धोकादायक आहे. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. तो पेलायला बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, पण ही उंची वाटेल तितकी वाढवता येत नाही. त्याच वळणावरून मालगाडी सावकाश गेली की तिचा भार आतल्या रुळावर येतो आणि तो भराभर झिजतो. गाडी तिथे उभी राहिली तर डबे आतल्या बाजूला कलतात. म्हणून मालगाड्याही धावतात अशा मार्गावर १५० मिमी उंची धरू. लागते त्यापेक्षा ही उंची आणखी १०० मिमीने कमी पडली तरी प्रवाशांना सोसवतं असं मानू. एकूण २५० मिमी झाले.

आता गणित करा. १,४३५ मिमी गेजवर (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं असताना) ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ११.८, भागिले मीटरमधली त्रिज्या, म्हणजे लागणारी उंची मिलिमीटरमध्ये. ६०० मीटर त्रिज्येच्या वळणावर २५० मिमीत ताशी ११३ किमी बसतात. इंजिन कितीही अश्वशक्तीचं आणा, ११३च. तिथून ३००ने जायचं असेल तर जोर पूर्ण तोलायला रूळ सुमारे ५० अंशांनी तिरपे करावे लागतील. ३००साठी त्रिज्याच सव्वाचार किमी हवी. डोंगर-नद्यांना वळसे घालत गेलेल्या जुन्या मार्गांवर एवढी सैल वळणं मोजकीच सापडतात. आपला डबा वळणावर कलवणाऱ्या गाड्या असतात, पण त्या प्रवाशाला जाणवणारा धक्का कमी करतात. रुळावरचा जोर त्याने कमी होत नाही.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर २४ जुलै २०१३ आठवा. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेलाजवळ वेगवान मार्ग संपून ८०ची मर्यादा असलेलं वळण लागतं. गाडी त्यात १७९ने शिरली आणि सुमारे ८० माणसं गेली. चालक फोनवर बोलत होता हे खरं. पण वेगावर सतत नजर ठेवून स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणाही त्या वळणावर नव्हती.

वळणं सरळ केली तरी वेळापत्रक आडवं येतंच. १०० किमीच्या टप्प्यात ७५ने जाणाऱ्या मालगाडीला ८० मिनिटं लागतात, २००ने जाणाऱ्या गाडीला ३०. दोघींत ५० मिनिटांचा फरक पडतो. दर ५ मिनिटांनी गाडी सोडता येत असेल, तर एका वेगवान गाडीपायी संथ गाड्यांच्या दहाएक फेऱ्या बाद होतात. तोकियो–ओसाका हा ५१५ किमीचा वेगळा मार्ग जपानने १९६४मध्ये सुरू केला, त्यामागेही जुना मार्ग गच्च भरला होता हे मोठं कारण होतं. साडेसहा तासांचा प्रवास आधी ४ तासांवर आणि १९६५मध्ये ३ तास १० मिनिटांवर आला.

अर्धसत्य एवढंच, की जुना मार्ग सरळ असेल तर २००पर्यंत जाता येतं. ब्रिटनने १९७६पासून ते करून दाखवलं. फाटकं काढून, सिग्नल सुधारून मिळणारा वेग जरूर घ्यावा. तो ३०० मात्र नव्हे.

रस्ते रुंद करण्याबद्दल एकच आधार पुरेसा आहे. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांचा अमेरिकी महानगरांचा अभ्यास २०११ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. रस्त्यांची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांची धावही, म्हणजे त्यांनी कापलेलं एकूण अंतरही, वाढते, असं त्यांना आढळलं. नवी मार्गिका आली की घरी थांबलेले, उशिरा निघणारे, लांबून जाणारे सगळे तिथे येतात. त्याच अभ्यासात मेट्रोसमर्थकांना न आवडणारं एक वाक्यही आहे: सार्वजनिक वाहतूक वाढवल्याने रस्त्यावरची धाव कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. ‘मेट्रो आली की रस्ते मोकळे होतील’ हे आश्वासनही म्हणून बंद करा. मेट्रो हवी ती वेगळ्या कारणासाठी. एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० मोटारी जातात, दर मोटारीत दीड माणूस धरा, म्हणजे ३,००० माणसं. दर दोन मिनिटांनी १,२०० जणांची गाडी सोडली तर एका दिशेला एकाच रुळावरून ३६,००० जण जातात. बारा मार्गिकांचं काम झालं. शिवाय ते कोंडीत अडकत नाहीत.

स्वयंचलित मोटारीलाही रस्त्यावर जागा लागते, ती रिकामी फिरली तरी. आणि तोट्याचा हिशेब मांडायचाच असेल तर रस्त्यांचाही मांडा.

खर्चाचा मुद्दा मात्र मान्य करावाच लागतो. ज्या तोकियो–ओसाका मार्गाचे गोडवे गातो, त्याचाही खर्च मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला आणि रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना १९६३मध्ये पद सोडावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या वेगवान रेल्वेत सगळी जमीन हाती येण्याआधीच कंत्राटं दिली गेली. अशा वेळी यंत्रं आणि माणसं जागेवर उभी राहतात आणि कंत्राटदार थांबल्याची भरपाई मागतो. खोदताना नकाशात नसलेली जलवाहिनी किंवा केबल निघाली की आराखडा पुन्हा काढावा लागतो. मंजुरीआधी किती टक्के जमीन ताब्यात आहे आणि जमिनीखालच्या वाहिन्यांची मोजणी झाली का, हे लोकप्रतिनिधींना जरूर विचारा.