गोल ट्रेक आखायचा तर उतरणीपासून आखा

मंडळी, थंडी पडायला लागली की माझ्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, एका दिवसात होणारा, फार अवघड नसलेला आणि आलो त्याच वाटेने परत न उतरणारा ट्रेक सांगा ना." माझं उत्तर ठरलेलं आहे. कर्जत तालुक्यातलं खांडस गाव. शिडी घाटाने चढायचं, पदरवाडीच्या पठारावर जेवायचं आणि गणेश घाटाने उतरून पुन्हा खांडसला यायचं.

यावर लगेच विचारतात, "म्हणजे भीमाशंकरला नाही जायचं?" या ट्रेकमध्ये नाही जायचं. सह्याद्रीत डोंगराच्या कंबरेला जी सपाटी असते तिला पदर म्हणतात, पदरवाडी तशीच मधल्या टप्प्यावर वसलेली आहे. शिडी घाट आणि गणेश घाट या दोन्ही वाटा तिथे येऊन मिळतात. तिथून देवळापर्यंत जंगलातून पुन्हा दोन तासांची खडी चढण आहे. ज्यांना दर्शन घ्यायचंय त्यांनी जरूर वर जावं आणि वरून एसटीने घाटमाथ्याकडूनच घरी जावं. पण सकाळी खांडसहून देवळापर्यंत चढायचं आणि संध्याकाळी पुन्हा खांडसला उतरायचं, हे नवख्या माणसाला झेपणारं काम नाही. मग अंधार कुठे गाठतो, तर उतरताना, घसाऱ्यावर, पाय थकलेले असताना.

हे मी अनुभवाने सांगते. बरीच वर्षं झाली. एका ग्रुपबरोबर गेले होते. गणेश घाटाची वाट सोपी, म्हणून ती आधी घेतली आणि शिडी घाट उतरायला ठेवला. वर रेंगाळलो, फोटो काढले, निघायला चार वाजले. तिसऱ्या शिडीच्या डोक्याशी आलो तेव्हा ऊन कलून गेलं होतं. वर चढताना शिडी समोर दिसते, हात आधी पुढे जातो आणि पाय मागोमाग येतो. उतरताना मात्र पाठ दरीकडे करून पाय खाली सोडावा लागतो आणि पायरी कुठे आहे ते दिसतच नाही. माझा उजवा पाय हवेत चाचपडत होता, पोटऱ्या लटलट कापत होत्या. लोखंड गार पडलं होतं आणि हाताला ओली माती लागत होती. वाडीतले एक मामा आमच्या पुढे उतरत होते. ते दोन पायऱ्या परत वर आले, माझा घोटा हातात धरला आणि पाऊल नेमकं पायरीवर टेकवलं. "आता भार दे, पोरी." असं प्रत्येक पायरीला. आम्ही अकरा जण होतो. त्यांनी अकराही जणांचे घोटे धरले.

तेव्हापासून मी कुठलाही गोल ट्रेक उलटा आखते, शेवटाकडून. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे साडेचारला गावात परत यायलाच हवं, वरचे पावणेदोन तास अडीअडचणीसाठी राखीव. गणेश घाट उतरायला तीन तास धरा, म्हणजे पदरवाडी दीडच्या आत सोडायची. जेवणाला आणि विसाव्याला एक तास. शिडी घाटाला चांगले तीन तास धरा. असा हिशेब मागे मागे नेला की कळतं, खांडसमधून उशिरात उशिरा साडेनऊला पाऊल उचलायचं. त्यासाठी पहाटेची कर्जत लोकल आणि तिथून आधीच ठरवलेली गाडी. कशेळे फाट्यावर टमटम भरायची वाट बघत बसलात तर सगळा हिशेब तिथेच कोसळतो.

स्कॉटलंडच्या नाइस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला होता. सपाटीला ताशी पाच किलोमीटर आणि प्रत्येक 600 मीटर चढाईला एक तास जास्त. तो तिथल्या थंड हवेतल्या सराईत पायांसाठी आहे. आपल्या दमट हवेत, मुरमाड वाटेवर आणि ग्रुपमध्ये एक जरी नवखा असेल तर त्याच्या निम्म्याने आणखी वेळ धरा.

गावातून दोनेक किलोमीटर डांबरी रस्त्याने गेलं की एक छोटा पूल येतो. डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. पुढे जायचं की बेत बदलायचा, हा निर्णय या पुलावर घ्यायचा असतो. एकदा शिड्या चढून गेलात की मागे फिरणं हे पुढे जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं. पुलावर दहा वाजून गेले असतील, कुणाचं पोट बिघडलं असेल, कुणाला उंचीची भीती वाटत असेल, तर सरळ उजवीकडे वळा आणि गणेश घाटानेच जाऊन या. त्यात कमीपणा काही नाही. हा डोंगर पश्चिमेला तोंड करून उभा आहे, त्यामुळे सकाळी चढताना सावली मिळते आणि दुपारी उतरताना ऊन थेट तोंडावर येतं. तीन लिटर पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत आणि टोपी ही उतरणीसाठी राखून ठेवायची. टॉर्च तर प्रत्येकाची वेगळी हवी.

पावसाळ्यात हा गोल करू नका. शिड्यांच्या बाजूने पाणी कोसळत असतं, कातळ शेवाळलेला असतो आणि एकेका शिडीखाली पन्नास-पन्नास माणसांची रांग लागते.

पठारावर आलात की वाट संपल्यासारखी वाटते आणि माणसं नेमकी तिथेच चुकतात. ढोरवाटा दहा दिशांना फुटतात, कारवी डोक्याएवढी वाढलेली असते, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पदरगड किल्ल्याचा सुळका हीच खूण धरायची. गणेश घाटाची वाट त्याच्या पायथ्याला वळसा घालून विहिरीजवळून जाते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वाडीतला वाटाड्या घ्याच आणि त्याचे पैसे ठरवताना घासाघीस करू नका. हजारो रुपयांचे बूट घालून जातो आपण, आणि ज्याच्या भरवशावर आपला जीव ठेवतो त्याच्याशी शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. मला याची मनापासून लाज वाटते.

जेवणही वाडीतच घ्या, आदल्या दिवशी सांगून. निघताना खांडसमध्ये एखाद्या घरी सांगून जा, "आम्ही इतके जण, अमुक वाटेने, पाचपर्यंत येतो." आणि आल्यावर त्यांना तोंड दाखवून मगच गाडीत बसा. तुम्ही न सांगता निघून गेलात तर ती माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला चढतील.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण चाललोय. मामा आता थकलेत, त्यांचा मुलगा बरोबर येणार आहे. तांदळाच्या भाकऱ्या आणि पिठलं सांगून ठेवलंय.